बिननावाचं ताट

मुरलीधर कासार यांना स्लाऊमध्ये येऊन बावीस वर्षं झाली, आणि या बावीस वर्षांत त्यांनी कुठल्याही गोष्टीला नुसतं 'छान' म्हटल्याचं कोणाला आठवत नाही. मेव्हण्याला विंडसरचा किल्ला दाखवायला नेलं, तेव्हा मेव्हणा हरखून गेला. मुरलीधर म्हणाले, "जागा चुकली. विमानं फार खालून जातात." यात स्वभावाचा भाग थोडा; बाकी सगळा धंद्याचा. ते सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते. दुसऱ्यांनी केलेल्या कामात काय बिघडलंय ते शोधायचं, त्याला नंबर द्यायचा आणि ज्याचं त्याला परत पाठवायचं, यावर त्यांचं घर चाललं होतं.

त्याआधीचं घर भांड्यांवर चाललं होतं. बार्शीला त्यांच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं, आणि अकरावीपासून पदवीपर्यंत मुरलीधर तिथे गल्ल्याच्या बाजूला बसून नावं घालत. स्टीलच्या भांड्यावर नावं घालायचं मशीन टेकवलं की मधमाशीसारखा आवाज करत ठिपक्याठिपक्यांनी अक्षर उमटायचं. 'चि. सौ. कां. शकुंतला हिच्या विवाहप्रीत्यर्थ मामाकडून', 'कै. दत्तात्रय यांच्या स्मरणार्थ', 'बदली निरोप, समस्त कर्मचारी वृंद'. त्या काळात बार्शीत कोण जन्मलं, कोणाचं लग्न झालं आणि कोण गेलं, हे मुरलीधरना तहसील कचेरीच्या आधी कळायचं. वडिलांचे नियम ठरलेले होते. नाव काठाच्या बाहेरून घालायचं, आतून घातलं तर ते भाजीखाली जातं. देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याच्या नावापेक्षा ठळक हवं. आणि नाव घातल्याशिवाय भांडं दुकानाच्या पायरीखाली उतरू द्यायचं नाही, कारण बिननावाचं भांडं शेजारी भाजी घेऊन जातं ते तिथलंच होतं.

तर असा हा माणूस मेडनहेडच्या कुंभारकामाच्या वर्गात कसा पोचला, याचं उत्तर त्यांच्या पत्नी मनीषाताईंकडे आहे. कंपनीने वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मुरलीधरना चार दिवसांचा आठवडा दिला. म्हणजे शुक्रवारी ते घरी. मनीषाताई शाळेत टीचिंग असिस्टंट. त्यांचाही शुक्रवार मोकळा. पहिल्या शुक्रवारी मुरलीधरनी मसाल्यांच्या डब्यांच्या तारखा तपासल्या. दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी डिशवॉशर भरण्याची योग्य पद्धत कागदावर काढून फ्रिजला लावली. तिसऱ्या शुक्रवारी मनीषाताईंनी लॅपटॉप उघडला आणि प्रौढशिक्षणाच्या यादीत जिथे जागा शिल्लक होती तिथे त्यांचं नाव घातलं. इटालियन भरलं होतं, योगासनं भरली होती, मातीकाम उरलं होतं.

"अहो, फी भरलीय. परत मिळत नाही," त्या म्हणाल्या. एवढं पुरलं.

वर्ग घेणाऱ्या बाईंचं नाव गिलियन. साठीच्या, केसांत मातीचे सुकलेले शिंतोडे, आणि तोंडात दोनच शब्द. कप वाकडा झाला तर 'लव्हली', फुटला तर 'इंटरेस्टिंग'. मुरलीधरना पहिले दोन महिने या बाईंच्या हाताखाली जो मानसिक त्रास झाला तो त्यांनी कोणाला सांगितला नाही. त्यांची पहिली वाटी टेबलावर ठेवली की एका बाजूला कलंडायची. गिलियनबाई म्हणाल्या, "लव्हली." मुरलीधर म्हणाले, "ती कलंडतेय." बाई म्हणाल्या, "हो, तेच तर लव्हली आहे." अशा वातावरणात दर्जा कसा टिकणार, हा त्यांना पडलेला प्रश्न होता.

वसंतात वर्गाची लंडनला सहल निघाली, म्युझियमला. सात निवृत्त इंग्रज, गिलियनबाई आणि मुरलीधर एलिझाबेथ लाइनच्या ट्रेनमध्ये बसून गेले. म्युझियममध्ये बाईंनी त्यांना इस्लामी मातीकामाच्या दालनात नेलं आणि एकेका कपाटापुढे उभं करून माहिती दिली. हे इराकमधल्या बसऱ्याचं: कथील घालून ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, दुधासारखा पांढरा केला, कारण चीनहून येणाऱ्या पांढऱ्या भांड्यांची बरोबरी करायची होती, आणि त्यावर निळ्या रंगाची नक्षी. हे चमकणारं: चांदी आणि तांब्याच्या क्षारांनी रंगवून दुसऱ्यांदा धुरकट भट्टीत घातलं, म्हणून साधी माती सोन्यासारखी दिसते. हे हिरवे-पिवळे ओघळ सोडलेलं. मुरलीधर मान डोलवत होते आणि मनातल्या मनात दोष मोजत होते. निळा रंग फुटलाय. ओघळ डावीकडे जास्त.

मग ते एका ताटापुढे आले आणि मोजायचं विसरले.

मोठं खोलगट ताट. सगळं पांढरं. नक्षी नाही, फूल नाही, पक्षी नाही. फक्त काठाच्या कडेकडेने काळी उंच अक्षरं, सरळ ताटाच्या मध्याकडे रोखलेली. हजारएक वर्षांपूर्वीचं, निशापूर किंवा समरकंदकडचं. मुरलीधरना पहिल्या क्षणी जे वाटलं ते बार्शीच्या कुठल्याही माणसाला वाटलं असतं: नाव घातलंय.

"कोणाचं नाव आहे?" त्यांनी विचारलं.

गिलियनबाईंनी खालची चिठ्ठी वाचली. "नाव नाही. लिहिलंय की हे ज्याच्याकडे असेल त्याला बरकत लाभो."

"ज्याच्याकडे म्हणजे कोणाकडे?"

"ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे."

"आणि देणाऱ्याचं नाव?"

"तेही नाही."

मुरलीधर काचेजवळ सरकले. "मग हे परत कसं मागणार?"

बाईंना प्रश्न समजला नाही. वर्ग पुढच्या दालनात गेला, मुरलीधर तिथेच. आयुष्यात त्यांनी हजारो भांड्यांवर अक्षरं काढली होती आणि त्यातलं एकूणएक अक्षर कोणाच्या ना कोणाच्या मालकीची खूण होतं. भांड्यावर लिहायचं, आणि ते भांडं कोणाचं हे सोडून दुसरं काही लिहायचं, ही कल्पना त्यांच्या डोक्यात कधी शिरली नव्हती. बाकीच्यांनी चहा घेतला, स्कोन खाल्ले, म्युझियमच्या दुकानातून चहाचे टॉवेल घेतले, तरी मुरलीधर त्या कपाटापुढेच. शेवटी एका पहारेकऱ्याने येऊन बरं वाटतंय ना, म्हणून विचारलं.

त्यानंतरची तीन वर्षं त्यांनी ते ताट करण्यात घालवली.

पद्धत ऐकायला सोपी. लाल मातीचं ताट करायचं. त्यावर पातळ केलेली पांढरी माती ओतून अस्तर द्यायचं. वर्गात त्याला स्लिप म्हणतात. त्यावर काळ्या रंगाने लिहायचं आणि वरून काचेसारखा ग्लेझ चढवून भट्टीत घालायचं. मुरलीधरनी पहिल्यांदा नुसता काळा रंग पाण्यात कालवून लिहिलं. भट्टी उघडली तर अक्षरं ताटाच्या मधोमध येऊन बसलेली, पावसात धुतल्या गेलेल्या पाटीसारखी.

"इंटरेस्टिंग," गिलियनबाई म्हणाल्या. पण या वेळी त्यांनी पुढेही काही सांगितलं. ग्लेझ वितळला की नुसता रंग त्याच्याबरोबर वाहतो. त्या जुन्या कुंभारांचंही हेच होत असणार. मग त्यांनी रंग त्याच पातळ मातीत कालवला. माती मातीला धरून ठेवते; वरून ग्लेझ कितीही वितळू दे, अक्षर जागचं हलत नाही. काहींनी उलटं केलं, रंग मुद्दाम वाहू दिला आणि त्यालाच नक्षी म्हटलं.

ज्याला दोष म्हणायचं त्यालाच नक्षी म्हणायचं, हे मुरलीधरना सॉफ्टवेअरमुळे ओळखीचं होतं. त्यांनी ते सोडून दिलं आणि मातीत कालवलेल्या काळ्याच्या मागे लागले.

दुसरी अडचण देवनागरीची. त्या ताटावरची अक्षरं जमिनीवर उभी राहून वर वाढतात. आपली वरच्या रेघेला लोंबकळतात. सहा महिने घोडं इथेच अडलं. शेवटी एका शुक्रवारी त्यांना सुचलं की ताटाची कडा हीच शिरोरेषा धरायची. वेगळी रेघ ओढायचीच नाही. काठाला अक्षरं टांगायची, आणि काने खाली ताटाच्या पोटाकडे लांब ताणायचे. तसं केलं आणि ते बसलं. ओळ त्यांनी स्वतःची घातली, कारण अरबी त्यांना येत नव्हतं आणि खोटं अरबी काढायची लाज वाटली. 'जेवेल त्याचं भलं होवो.' एवढंच. भट्टीतून निघालेलं ताट त्यांनी उजेडात धरलं, सगळीकडून फिरवून पाहिलं. दोष सापडला नाही. त्यांना अस्वस्थ वाटलं.

हे ताट घरी भिंतीवर लागलं आणि तिथून संकट सुरू झालं.

थेम्सकाठ मराठी मंडळाच्या सचिव आसावरी एका रविवारी जेवायला आल्या होत्या. पस्तिशीच्या, फायनान्समधल्या, आणि काही पाहिलं की त्याचं इव्हेंट करणाऱ्या. ताट पाहून त्या जागच्या उठल्या. "काका! हे तुम्ही केलंय? सीरियसली? अहो, आपलं पंचविसावं वर्ष आहे. पंचवीस माजी पदाधिकाऱ्यांचा सत्कार करायचाय. शाल-श्रीफळ इथे कोण वापरतं? हे द्यायचं! पंचवीस प्लेट्स!"

मुरलीधर 'बघू' म्हणाले. पण रात्री जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला, यावरून मनीषाताईंनी ओळखायचं ते ओळखलं. पंचवीस घरांत पंचवीस ताटं जाणार होती, आणि कोणाचं नाव नसलेली. आजवर नावं घालून दिलेल्या हजारो भांड्यांच्या बदल्यात पंचवीस बिननावाची. त्यांना आता जगात एवढंच हवं होतं.

कार्यकारिणीची बैठक झूमवर झाली. अध्यक्ष परीक्षित नाडगौडा, ईलिंगला राहणारे, घरकर्जाचे सल्लागार. बोलताना कॅमेऱ्यात नाही तर स्वतःच्या चौकटीत बघायचे. खजिनदार अंशुमन. आसावरी. आणि मुरलीधर, ज्यांनी ताट कॅमेऱ्यापुढे धरलं होतं.

"ब्युटिफुल," परीक्षित म्हणाले. "आणि नाव कोणाचं येणार?"

"कोणाचंच नाही."

आसावरींनी विचारलं, "काका, तुमचा आवाज गेला का?"

"नाही. नाव कोणाचंच नाही, असं म्हणालो."

"कासारसाहेब," परीक्षित समजुतीच्या सुरात म्हणाले, "म्हणजे उद्या त्यांच्या घरी कोणी हे ताट पाहिलं, तर त्याला कळणार कसं की हे आपण दिलं?"

"नाही कळणार."

"मग दिलं कशाला?"

या प्रश्नाला मुरलीधरकडे उत्तर होतं, पण ते चीनच्या पांढऱ्या भांड्यांशी केलेल्या बरोबरीपासून सुरू करावं लागलं असतं. तोवर अंशुमन म्हणाले की निदान मंडळाचं नाव तरी हवं. ते मान्य झालं. मग 'रौप्यमहोत्सव' हवं. मग सत्कारमूर्तीचं नाव हवंच, नाहीतर ताटं बदलतील. मग कोणाच्या हस्ते, म्हणजे अध्यक्षांचं नाव. अध्यक्षांचं घातलं तर सचिवांचं का नको, असं आसावरींनी नाही, अध्यक्षांनीच सुचवलं, कारण ते मोठ्या मनाचे होते. सचिव आल्या की खजिनदार आलेच. मग हॉलचं भाडं देणाऱ्या प्रायोजकांचं नाव, शेवटी 'यांजकडून सप्रेम भेट', आणि तारीख. तारीख इंग्रजी की शके, यावर अकरा मिनिटं गेली. दोन्ही घालायचं ठरलं.

मुरलीधर या वेळात गणित करत होते. "दोनशे चौदा अक्षरं झाली. काठाचा घेर एक्क्याऐंशी सेंटिमीटर. एका अक्षराला पावणेचार मिलिमीटर येतात. ब्रशने लिहायचंय."

"फॉन्ट कमी करा की," अंशुमन म्हणाले.

दोन दिवसांनी आसावरींचा व्हॉट्सॲप आला, गोड शब्दांत आणि तीन फुलांसह. काका, सगळं बसतंय, फक्त तुमच्या ओळीला जागा उरत नाहीये. ती मागच्या बाजूला घेऊ या का? प्लेट उलटी केली की दिसेल.

"जेवताना ताट उलटं कोण करतं?" मनीषाताईंनी विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. समोर मुरलीधर फोन हातात घेऊन बसले होते, मेहनतीवर पाणी फिरल्यासारखा चेहरा करून.

"सरळ नाही म्हणून सांगतो त्यांना."

"सांगा. पण एक विचारू? त्यांना त्यांची नावं हवीत, तुम्हाला तुमची ओळ हवी. फरक काय तुमच्यात नि त्यांच्यात?"

"माझ्या ओळीत मी कुठे आहे?"

"ओळीत नाही. हट्टात आहात की, ठळक अक्षरांत."

मुरलीधरनी फोन उलटा ठेवला. बायकोला ते सहसा नंबर देत नसत, पण हा मुद्दा गंभीर वर्गात मोडत होता. त्यांची मुलगी स्वराली जिन्यावरून उतरत होती. जन्म स्लाऊचा, वय एकवीस, मराठी कामापुरतं. "बाबा, पण तुझा ताट आहे ना. तू बनवणार. मग ते लोक कसा काय सांगतात?"

"कारण ते मंडळ आहे, बाळा."

"सो? ही ताट तर मातीची आहे. मंडळाची नाहीये."

त्या शुक्रवारी वर्गात मुरलीधर काही न करता बसून राहिले, आणि मग त्यांनी परीक्षितना फोन लावला. ते म्हणाले की काठावर ही सगळी मान्यवर नावं अगदीच कडेला पडतात, बरं दिसत नाही. त्यापेक्षा ती आत घेऊ, ताटाच्या उतारावर, मध्याजवळ, गोल रांगेत. आणि काळ्याऐवजी हिरव्या रंगात. तांब्याचा हिरवा, एकदम झळाळता.

"मध्यभागी?" परीक्षित म्हणाले.

"मध्यभागी."

"हिरव्यात? वा! कासारसाहेब, हे तुम्हालाच सुचू शकतं. मग काठावर?"

"काठ मोकळा राहतो. तिथे काहीतरी घालेन."

"घाला, घाला. तुम्ही कलाकार."

मुरलीधर प्रामाणिक गृहस्थ होते. त्याच दुपारी त्यांनी कार्यकारिणीला एक्सेलची फाइल पाठवली. कामाचे टप्पे, तारखा, भट्टीच्या फेऱ्या. तिसऱ्या पानावर जोखमींचा तक्ता. त्याच्या सातव्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं: तांब्याचा रंग मातीत न कालवता वापरला असल्याने भट्टीत वाहण्याची शक्यता, खूप जास्त. परिणाम: नावं वाचता येणार नाहीत. उपाय: नाही. खाली लिहिलं होतं, हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. परीक्षितांकडून अंगठा आला, अंशुमनकडून अंगठा आला, आसावरींकडून अंगठा आणि फुलं. तीस वर्षं मुरलीधरनी लोकांना अशा फाइली पाठवल्या होत्या, आणि तिसरं पान आजवर कोणी उघडलेलं नाही, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

पुढचे चार महिने ते लिहीत होते. काठावर काळी ओळ, मातीत कालवून, सावकाश. आत उतारावर पदाधिकारी, प्रायोजक, दोन्ही तारखा आणि त्या त्या सत्कारमूर्तीचं नाव, सगळं नुसत्या पाण्यात कालवलेल्या तांब्याच्या हिरव्यात, अतिशय सुवाच्य अक्षरात. त्यांनी एकही वेलांटी चुकवली नाही. गिलियनबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"मरली, हे वाहणार आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

बाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "लव्हली," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मुरलीधरना त्या शब्दाचा राग आला नाही.

शुक्रवारी सकाळी भट्टी उघडली. काठावरची काळी अक्षरं जिथल्या तिथे, धारदार, ताटाला टांगलेली. आणि आतला सगळा मजकूर उतारावरून ओघळत खाली गेला होता. अध्यक्ष सचिवांत, सचिव प्रायोजकांत, शके इसवी सनात, आणि तळाशी या सर्वांचं मिळून एक सुंदर हिरवंगार तळं झालं होतं. कार्यकारिणी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा एकरूप झाली होती.

स्वराली खोकी गाडीत ठेवायला आली होती. "ओह वाव, बाबा. हा तर खूप सुंदर झाली." मग ती जवळ वाकली. "पण लोकांचे नाव कुठे गेलं?"

"आहेत. मधोमध आहेत," मुरलीधर म्हणाले.

समारंभ स्लाऊच्या एका हॉलमध्ये, रविवारी दुपारी. मुरलीधर तासभर आधी गेले, कारण त्यांना आदल्या दिवसापासून झोप नव्हती. जे केलं ते केलं. पण सत्कार सुरू व्हायच्या आधी सांगायलाच हवं, हे त्यांनी मनीषाताईंना कबूल केलं होतं. परीक्षित स्टेजजवळ फेटा बांधून घेत होते. मुरलीधरनी खोक्यातून एक ताट काढून पुढे केलं आणि घसा साफ केला.

"परीक्षितराव, एक सांगायचंय. नावांचं जरा..."

परीक्षितनी चष्मा लावला. ताट इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"हा मी," परीक्षित म्हणाले. त्यांचं बोट एका ओघळावर होतं. "प. आणि हा क्ष, बघा, कसला डौलदार! वा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अंशुमनचं जरा गेलंय, नाही का? असू दे, बोलू नका. त्याला वाईट वाटेल."

पाच मिनिटांनी अंशुमन आले. त्यांना त्यांचं नाव लगेच सापडलं. तळ्याच्या डाव्या काठाला. अध्यक्षांचं मात्र वाचता येत नाही, असं त्यांनी मुरलीधरना बाजूला घेऊन सांगितलं, आणि ते सांगताना त्यांना फारसं वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही. आसावरींना आपलं नाव दोनदा दिसलं. प्रायोजकांनी ते मोबाइलवर मोठं करून पाहिलं आणि पुढच्या वर्षीही हेच करा म्हणाले.

"आणि ही काठावरची बॉर्डर?" मुरलीधरनी न राहवून विचारलं. "ती कशी वाटते?"

"बॉर्डर छान," परीक्षित म्हणाले. "ट्रॅडिशनल."

हेही एकवेळ चाललं असतं. पण मग फोटो झाला. पंचवीस माजी पदाधिकारी दोन रांगांत, प्रत्येकाच्या हातात छातीशी धरलेलं ताट. फोटोग्राफर ओरडला, "प्लेट्स जरा घट्ट धरा," आणि सगळ्यांनी दोन्ही हातांनी धरली. पन्नास अंगठे बरोबर काठावर आले. मुरलीधर खुर्चीत बसून होते. मधलं हिरवं तळं सगळीकडे झळकत होतं. भलं कोणाचंच दिसत नव्हतं.

ते उठून हॉलच्या किचनमध्ये गेले. त्यांच्याकडे एक जादा ताट होतं. पंचवीस नगांच्या कामात सव्विसावा लागतोच, हा त्यांचा शिरस्ता. त्यावर आत काहीच लिहिलं नव्हतं, फक्त काठावरची ओळ. ते कुठेतरी कोपऱ्यात ठेवून घरी जावं, असा त्यांचा विचार होता.

किचनमध्ये मीनाक्षीताई होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, मूळच्या साताऱ्याच्या, नवऱ्याबरोबर साउथॉलला आल्या तेव्हाचे लोक आता कोणी उरले नव्हते. मंडळाच्या पहिल्या गणपतीपासून प्रत्येक पंगतीचा मसालेभात त्यांचा. मंडळावर मात्र त्या कधीच नव्हत्या, त्यामुळे आजच्या पंचवीस जणांत असण्याचा प्रश्न नव्हता. आजच्या पंचवीस जणांचा स्वयंपाक त्यांचा होता.

"कागदी प्लेटा संपल्या," त्या मुरलीधरकडे न बघता म्हणाल्या. "काय पोरं आहेत, शंभर सांगितल्या, साठ आणल्या. ते काय आहे तुमच्या हातात? ताट ना? आणा इकडं."

"ताई, ते शोभेचं..."

"पाणी धरतं ना? मग आणा."

त्यांनी ताट घेतलं, पदराच्या टोकाने पुसलं आणि सवयीने काठाकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भांड्यांत रांधणारी बाई भांडं हातात घेतलं की आधी नाव बघते, म्हणजे धुऊन कोणाकडे पोचवायचं ते कळतं. त्या ताट हळूहळू फिरवत गेल्या. ओठ हलत होते.

"जेवेल... त्याचं... भलं... होवो." त्यांनी ताट आणखी एकदा पूर्ण फिरवलं. "आणि नाव?"

"नाव नाही, ताई."

"नाहीच?"

"नाही. जो जेवेल त्याचं."

मीनाक्षीताईंनी ताट ओट्यावर ठेवलं. "बरंय की," त्या म्हणाल्या. "नावं घातलेली भांडी घरी ढीगभर पडलीत माझ्या. सगळी दुसऱ्यांची. काहींचे धनीही गेले, द्यायची कुणाला?" मग त्यांनी मुरलीधरना आपादमस्तक पाहिलं. "तुम्ही जेवलात का?"

"नाही अजून."

"मग बसा."

स्टेजवर परीक्षित मनोगत व्यक्त करत होते. भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू आल्या. मुरलीधर किचनमधल्या उंच स्टुलावर बसले. मीनाक्षीताईंनी ताटात मसालेभाताची मूद टाकली, बाजूला कोशिंबीर, दोन जिलब्या, आणि वरून पळीभर कढी ओतली. कढी भाताला वळसा घालून निघाली, उतारावरून आली, काळ्या अक्षरांवरून चढली आणि 'होवो'च्या पलीकडे जाऊन मुरलीधरच्या नव्या झब्ब्यावर पडली.

"हे बघा," मीनाक्षीताई म्हणाल्या. "लिहिलंय चांगलं, पण कढी सांडते. कड उंच हवी."

मुरलीधरनी ताट डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिलं. बाईंचं बरोबर होतं. तीन वर्षांत हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तीन वर्षांत त्यात कोणी जेवलं नव्हतं.

"किती उंच?" त्यांनी विचारलं.

मीनाक्षीताईंनी तर्जनीच्या पेरावर अंगठा टेकवून माप दाखवलं. "एवढी. आणि सहा करा. हॉलच्या कपाटात ठेवू." मग पळी पुन्हा कढीत घालत त्या म्हणाल्या, "खा ना. गार होतंय."